शेजाऱ्यांच्या सह्या: मनाडोतील इस्लामी उच्च शिक्षण आणि बहुसांस्कृतिक नागरिकत्व

इंडोनेशियाची बहुसंख्य प्रजा मुसलमान असली, तरी त्या देशाच्या पूर्वेकडील काही प्रांतांत मुसलमान अल्पसंख्य आहेत आणि सुलावेसी बेटाच्या ईशान्य टोकावरचा उत्तर सुलावेसी हा त्यांपैकी एक ठळक प्रांत होय. २०१० च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ३१ टक्के लोक मुसलमान होते आणि दोन तृतीयांशांहून अधिक लोक ख्रिस्ती, त्यातही बहुतेक प्रॉटेस्टंट होते. प्रांताची राजधानी मनाडो येथे शासनाने चालवलेली एक इस्लामी उच्च शिक्षण संस्था आहे. मकासरच्या मोठ्या संस्थेची शाखा म्हणून तिचे काम सुरू झाले, १९९७ साली तिला ‘स्ताइन’, म्हणजे स्वतंत्र शासकीय इस्लामी महाविद्यालयाचा दर्जा मिळाला आणि २०१४ साली ती ‘इआइन’, म्हणजे अनेक विद्याशाखा असलेली शासकीय इस्लामी संस्था झाली. शरिया, अध्यापनशास्त्र, धर्मतत्त्व व धर्मप्रसार, आणि इस्लामी अर्थशास्त्र अशा चार शाखा तिच्यात चालतात. भारतीय वाचकाला अशा संस्थेचे स्वरूप प्रथमदर्शनी अपरिचित वाटेल, कारण आपल्याकडे धार्मिक शिक्षणाचा भार बहुधा मदरसे आणि विश्वस्त संस्था उचलतात. इंडोनेशियात मात्र १९४६ पासून स्वतंत्र धर्मव्यवहार मंत्रालय आहे आणि तेच मंत्रालय इस्लामी संस्थांबरोबर प्रॉटेस्टंट, हिंदू, बौद्ध अशा अन्य धर्मांच्या शासकीय संस्थाही चालवते. मनाडोमध्ये प्रॉटेस्टंट धर्मशिक्षणाची शासकीय संस्थाही आहे. या दोन्ही संस्थांचे अध्यापक एकाच मंत्रालयाचे नोकर असून त्यांना सारखेच नमुने भरावे लागतात आणि सारख्याच बढतीची वाट पाहावी लागते, ही गोष्ट किरकोळ भासली तरी त्यांच्या परस्परसंबंधांना तिने एक सहज समपातळी दिली आहे.

‘बहुसांस्कृतिक नागरिकत्व’ ही संज्ञा कॅनडाचे राजकीय तत्त्वज्ञ विल किम्लिका यांच्या १९९५ सालच्या ग्रंथामुळे विशेष रूढ झाली. सर्वांना सारखेच वैयक्तिक हक्क दिले म्हणजे राज्याचे कर्तव्य संपले असे होत नाही, कारण राज्याची भाषा, सुट्ट्या, अभ्यासक्रम आणि कायदे कोणत्या ना कोणत्या संस्कृतीकडे झुकलेलेच असतात, आणि म्हणून लहान समूहांना आपले जीवन टिकवता यावे यासाठी काही हक्क उपकार म्हणून नव्हे तर न्याय म्हणून द्यावे लागतात, असा या विचाराचा गाभा आहे. हा विचार मनाडोच्या वर्गात शिकवू लागताच एक पेच उभा राहतो. समोर बसलेला विद्यार्थी बहुसंख्य की अल्पसंख्य, याचे उत्तर तो कोठे उभा आहे यावर अवलंबून असते. देशाच्या नकाशावर तो बहुसंख्य आहे, प्रांताच्या नकाशावर अल्पसंख्य आहे, आणि सुटीत तो दक्षिणेकडील बोलांग मोंगोंडोमधल्या आपल्या गावी गेला की पुन्हा बहुसंख्य होतो. शेजारचा गोरोंतालो हा मुस्लिमबहुल प्रदेश २००० साली वेगळा प्रांत झाला, त्यामुळे उत्तर सुलावेसीतील मुसलमानांचे प्रमाण एकाएकी घटले आणि जे लोक आपल्याला प्रांतात जवळजवळ बरोबरीचे समजत होते ते एका कायद्याने लहान गटात मोडू लागले. लोक होते तेथेच राहिले आणि केवळ सीमा सरकली, याची जाणीव येथील अध्यापकाला पाठ्यपुस्तकातून करून द्यावी लागत नाही, कारण ती अनेक विद्यार्थ्यांच्या घरात आधीच बोलली गेलेली असते.

उच्च शिक्षणासंबंधीच्या २०१२ च्या कायद्याने धर्म, पंचशील, नागरिकत्व आणि इंडोनेशियन भाषा हे चार विषय प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात सक्तीचे केले आहेत. यातील ‘पंचशील’ म्हणजे ईश्वरावरील श्रद्धेपासून सामाजिक न्यायापर्यंतची राज्याची पाच तत्त्वे होत. अनेक ठिकाणी नागरिकत्वाचा तास व्याख्या पाठ करण्यात संपतो. मनाडोत तो सर्वांत जास्त जिवंत होतो तो ‘जाकार्ता सनद’ शिकवण्याच्या दिवशी. २२ जून १९४५ रोजी नऊ नेत्यांनी स्वाक्षऱ्या केलेल्या या मसुद्यात, मुसलमानांनी शरियाचे पालन करण्याचे बंधन सांगणारे मोजके सात शब्द होते. स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर दुसऱ्याच दिवशी, १८ ऑगस्टला, पूर्वेकडील ख्रिस्ती प्रदेश वेगळे होतील या भीतीने ते गाळण्यात आले. त्या नऊ जणांत एकच ख्रिस्ती होते, ते म्हणजे अलेक्झांडर आंद्रीस मारामिस, आणि ते याच प्रांतातील मिनाहासा समाजाचे होते. इतिहासाचा हा धागा येथे स्थानिक आहे, आणि तो तुटलेलाही नाही. देशातील हुकूमशाही राजवट संपल्यानंतर जाकार्तामध्ये ते सात शब्द पुन्हा घटनेत घालण्याची मागणी उठली, तेव्हा ऑगस्ट २००० मध्ये तोमोहोन येथे भरलेल्या मिनाहासा परिषदेने, तसे झाल्यास आपण प्रजासत्ताकातून बाहेर पडू, असा इशारा दिला होता.

हा पाठ शिकवताना विद्यार्थ्यांत दोन तट पडतात, असे येथील अध्यापनाच्या कामात वारंवार दिसते. मुसलमानांनी राष्ट्राच्या ऐक्यासाठी केलेला तो मोठा त्याग होता, असे एका बाजूचे म्हणणे असते, आणि राज्याने अशी अट कोणावरही लादू नये हेच मुळात योग्य होते, असे दुसरी बाजू मानते. अध्यापकाने येथे घाईने निवाडा देणे सोपे असते, परंतु खरे काम त्यानंतरचे आहे. ‘त्याग’ या कल्पनेत एक ऋण गृहीत धरलेले असते आणि ते ऋण फेडण्याची अपेक्षा कोणाकडून केली जाते, हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवावा लागतो. ज्या विद्यार्थ्याला स्वतःच्या वस्तीत नमाजाच्या जागेसाठी इतरांची मनधरणी करावी लागली आहे, त्याला या प्रश्नाचा रोख लवकर कळतो, कारण बहुसंख्याकाने आपल्या संयमाची आठवण अल्पसंख्याकाला सतत करून दिली की ती कशी टोचते हे त्याने ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असते.

प्रार्थनास्थळांचा प्रश्न तर या संस्थेच्या कामाच्या अगदी केंद्रस्थानी आहे. २००६ साली दोन मंत्र्यांनी मिळून काढलेल्या नियमावलीनुसार नवे प्रार्थनास्थळ बांधायचे तर ते वापरणाऱ्या किमान ९० व्यक्तींची ओळखपत्रांसह यादी आणि परिसरातील अन्य किमान ६० रहिवाशांची लेखी संमती गावप्रमुखाच्या सहीशिक्क्यानिशी जोडावी लागते, आणि त्यावर धर्मव्यवहार कार्यालयाची व ‘धार्मिक सलोखा मंचा’ची शिफारस घ्यावी लागते. या मंचात स्थानिक धर्मसमूहांच्या प्रमाणात प्रतिनिधी असतात, म्हणून जावामध्ये त्यात मुस्लिम प्रतिनिधी बहुसंख्य असतात आणि मनाडोत ख्रिस्ती. देशभर या नियमाचा जाच मुख्यतः चर्चना झाला आहे. पश्चिम जावातील बोगोर येथील यास्मिन चर्चचे उदाहरण सर्वज्ञात आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली त्या चर्चच्या बाजूने निर्णय देऊनही त्याला आपल्या मूळ जागेत प्रार्थना करता आली नाही. उत्तर सुलावेसीत तीच नियमावली मशिदीच्या अर्जदारासमोर उभी राहते. जानेवारी २०२० मध्ये उत्तर मिनाहासातील तुमालुंतुंग येथे गृहसंकुलातील एका नमाजघराची जमावाने नासधूस केली, तेव्हाही वादाच्या मुळाशी परवान्याचाच प्रश्न होता.

शरिया शाखेतील विद्यार्थ्यांना ही नियमावली वाचायला देताना अध्यापकांनी अवलंबलेली एक साधी पद्धत येथे नोंदवण्याजोगी आहे. बोगोर आणि तुमालुंतुंग ही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून, अर्जदाराच्या धर्माचे नाव झाकून, नियमाच्या कोणत्या कलमाचा वापर कसा झाला याची मांडणी विद्यार्थ्यांकडून करून घ्यायची, आणि नाव सर्वांत शेवटी उघड करायचे. साठ सह्यांची अट ही शेजाऱ्याच्या हाती दिलेला नकाराधिकार आहे, शांततेच्या काळात तो दडून राहतो आणि निवडणूक जवळ आली किंवा दूरच्या प्रदेशात दंगल झाली की उपसला जातो, हे या मांडणीतून त्यांच्या लक्षात येते. मग चर्चा दोन दिशांना जाते. काही विद्यार्थी म्हणतात की उपासना हा हक्क असेल तर तो शेजाऱ्याच्या सहीवर अवलंबून ठेवू नये. इतरांचे, आणि त्यांत बहुधा खेड्यातून आलेले अधिक असतात, म्हणणे असे की सह्या गोळा करण्यासाठी घरोघर जावे लागते म्हणून तरी माणसे एकमेकांच्या ओसरीवर बसतात. दुसरे म्हणणे मोहक आहे, आणि त्यात अनुभवाचा अंशही आहे. तरीही पहिलेच अधिक न्याय्य आहे, असे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे, कारण ज्याला नकार ऐकावा लागू शकतो त्याच्याकडूनच ओसरीवर जाण्याची अपेक्षा केली जाते.

वर्गाबाहेरचे शिक्षण ‘केकेएन’ या उपक्रमातून होते. अध्यापन, संशोधन आणि समाजसेवा ही इंडोनेशियन उच्च शिक्षणाची तीन कर्तव्ये मानली जातात, आणि तिसऱ्या कर्तव्याचा भाग म्हणून पदवीच्या शेवटच्या टप्प्यावरील विद्यार्थ्यांच्या तुकड्या काही आठवडे खेड्यात राहून काम करतात. इस्लामी संस्थेची तुकडी ख्रिस्ती खेड्यात पाठवायची म्हणजे आधी पुष्कळ गोष्टी जुळवाव्या लागतात. मुक्काम कोणाच्या घरी, स्वयंपाक कोणी करायचा, विहीर वा नळ कोणता, पहाटेच्या नमाजाला घरातल्यांची झोप मोडणार का, कुत्रा अंगणात असेल तर काय, अशा प्रश्नांची चर्चा गावप्रमुखाशी आधीच करावी लागते, आणि पालकांच्या शंका दूर करण्यात अध्यापकांचा बराच वेळ जातो.

त्यातही भोजनाचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो. मिनाहासा समाजात वर्षाच्या मध्याला ‘पेंगुचापान’ नावाचा सुगीच्या कृतज्ञतेचा सण एकेका तालुक्यात वेगवेगळ्या रविवारी साजरा होतो, आणि त्या दिवशी प्रत्येक घराचे दार ओळखीच्या आणि अनोळखी पाहुण्यांसाठी उघडे असते. बांबूच्या नळीत शिजवलेले डुकराचे मांस हा त्या सणाचा मुख्य पदार्थ असतो आणि कुत्र्याचे व वटवाघळाचे मांसही ताटात येते. अशा घरात मुस्लिम पाहुणे येणार असतील तर यजमान बहुधा एक वेगळे टेबल मांडतात. त्यावर धुरात भाजलेला चाकालांग मासा, मिरची-टोमॅटोची दाबू-दाबू चटणी, बांबूत नारळाच्या दुधात शिजवलेला ‘नासी जाहा’ भात आणि केळी असतात, ताटे वेगळी ठेवलेली असतात आणि स्वयंपाक पुष्कळदा शेजारच्या मुस्लिम बाईकडून करवून घेतलेला असतो. ती बाई टेबलाशी उभी राहून, हे आपण स्वतः केले आहे, असे येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते, आणि यजमानीण कौतुकाने तिच्याकडे बोट दाखवते. या व्यवस्थेत हक्क, सौजन्य आणि धर्मनियम हे तिन्ही एकाच टेबलावर येतात.

अशा प्रसंगानंतर वर्गात परतलेले विद्यार्थी जे प्रश्न विचारतात ते फिक्हचे, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राचे, अत्यंत खरे प्रश्न असतात. कुराणाच्या पाचव्या सूरेत ग्रंथधारी समाजांचे, म्हणजे यहुदी व ख्रिस्ती यांचे, अन्न ग्राह्य मानले आहे, तर मग वेगळी ताटे कशासाठी? शुद्धीकरणाचे नियम त्या भांड्यांना कसे लागू होतात? नाताळला यजमानाकडे परत गेले तर चालेल काय? शेवटच्या प्रश्नाला इंडोनेशियात मोठा इतिहास आहे. मार्च १९८१ मध्ये तेथील उलेमा परिषदेने मुसलमानांनी नाताळाच्या सामुदायिक उत्सवात भाग घेऊ नये असा फतवा काढला, त्यावरून शासनाशी वाद झाला आणि परिषदेचे अध्यक्ष, थोर लेखक व धर्मपंडित बुया हमका यांनी पदाचा राजीनामा दिला. फतव्याचे नाव सर्वांनी ऐकलेले असते, परंतु त्याचा मजकूर वाचलेले विद्यार्थी क्वचितच आढळतात. तो वाचून घेतला की ऐहिक व्यवहारातील सहकार्य आणि उपासनेतील सहभाग या दोहोंत त्याने भेद केला आहे, हे त्यांना दिसते, आणि मग भेट, शुभेच्छा, चर्चबाहेर रस्त्यावर पहारा, प्रार्थनेतील उपस्थिती यांपैकी काय कोणत्या बाजूला पडते यावर त्यांचे आपसांत मतभेद होतात. धर्मशास्त्राच्या शिस्तीतून असा मतभेद करता येणे हीच इस्लामी उच्च शिक्षणाची खरी शक्ती आहे. सलोख्याची भाषणे ती देऊ शकत नाहीत, आणि धर्म बाजूला ठेवायला सांगणारे नागरिकशास्त्रही ती देऊ शकत नाही.

मिनाहासाच्या भूमीत इस्लाम पराभूतांच्या रूपानेही आला आहे. जावा युद्धात (१८२५-१८३०) डच सत्तेविरुद्ध लढलेल्या प्रिन्स दिपोनेगोरो यांना १८३० साली मनाडोच्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते आणि त्यांनी आपले दीर्घ आत्मचरित्रपर काव्य तेथेच रचले. त्यांचे धार्मिक सल्लागार क्याई मोजो यांना साठेक अनुयायांसह तोंडानो सरोवराजवळ वसवले गेले. हे सारे पुरुष होते, त्यांनी मिनाहासा स्त्रियांशी विवाह केले आणि त्यांच्या वंशजांची वस्ती आजही ‘जावा तोंडानो’ या नावाने ओळखली जाते. तिची भाषा मुख्यतः तोंडानो आहे आणि धर्म इस्लाम आहे. ईदनंतर आठवडाभराने येथे ‘लेबारान केतुपात’ साजरे होते, तेव्हा ख्रिस्ती आप्त आणि अनोळखी पाहुणे इतक्या संख्येने येतात की रस्ता तुंबतो. पेंगुचापानचा पाहुणा येथे यजमान झालेला दिसतो. पश्चिम सुमात्रातील पाद्री युद्धाचे नेते इमाम बोंजोल यांनाही अखेरीस मिनाहासातच हद्दपार केले गेले, १८६४ साली ते येथेच निवर्तले आणि पिनेलेंगजवळ त्यांची कबर आहे. त्याच पिनेलेंगमध्ये कॅथलिक धर्मगुरूंना शिक्षण देणारी सेमिनरी आहे. इस्लामी संस्थेचे विद्यार्थी आणि सेमिनरीतील तरुण यांच्या भेटींसाठी याहून योग्य परिसर शोधून सापडणार नाही. आपल्या पूर्वजांना परक्या भूमीत कैदी म्हणून आणले गेले आणि तेथील माणसांनी त्यांना सामावून घेतले, ही स्मृती ज्या मुस्लिम समाजाकडे आहे त्याला नागरिकत्वाचा विचार बाहेरून उसना आणावा लागत नाही.

हे सर्व सांगताना या कामातील दुखऱ्या जागाही सांगितल्या पाहिजेत. लुकमान हकीम सैफुद्दीन धर्मव्यवहार मंत्री असताना (२०१४-२०१९) ‘धार्मिक संयम’ या धोरणाला आकार आला आणि २०२०-२०२४ च्या राष्ट्रीय विकास योजनेत त्याला स्थान मिळाले. प्रत्येक शासकीय इस्लामी संस्थेत ‘संयम केंद्र’ असावे अशी अपेक्षा निर्माण झाली. धोरणाचा हेतू प्रामाणिक आहे. परंतु हेतूचे रूपांतर कार्यक्रमांच्या संख्येत, उपस्थितीच्या पत्रकांत आणि फलकासमोरच्या छायाचित्रांत झाले की अध्यापकाचा वेळ त्यातच जातो आणि विद्यार्थी ठरावीक उत्तरे शिकतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ‘आपण सगळे भाऊबहीण’ हे मनाडोचे आवडते घोषवाक्य पुष्कळदा तक्रार दाबण्यासाठी वापरले जाते. आंबोन आणि पोसो धार्मिक दंगलींत जळत असताना उत्तर सुलावेसी शांत राहिला, उत्तर मालुकूतील हजारो ख्रिस्ती निर्वासितांना त्याने आश्रय दिला आणि तरीही येथील मुसलमानांवर सूड उगवला गेला नाही, याचा अभिमान सर्वांनी बाळगावा असाच आहे. पण त्या अभिमानाला तडा जाईल या भीतीने एखाद्या विद्यार्थिनीला भाड्याची खोली धर्मामुळे नाकारली गेल्याचे बोलता येत नसेल, किंवा एखाद्या ख्रिस्ती प्राध्यापकाला बोलांग मोंगोंडोतील चर्चच्या अडचणी मांडता येत नसतील, तर त्या शांततेला नागरिकत्व म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅलेस्टाइनच्या प्रश्नावरून बितुंग शहरात दोन जमाव भिडले आणि एकाचा प्राण गेला. त्यानंतरच्या आठवड्यांत संयुक्त निवेदने निघाली आणि ती निघणे आवश्यकच होते. परंतु वर्गांतून जे प्रश्न विचारले गेले ते निवेदनांत नव्हते, आणि अशा प्रश्नांना वर्गात निर्भय जागा करून देणे हे कोणत्याही केंद्राच्या उद्घाटनापेक्षा अधिक निकडीचे काम आहे.

या संस्थेचे बहुतेक पदवीधर विचारवंत होत नाहीत. ते शासकीय शाळांत इस्लाम शिकवतात, विवाहनोंदणी कार्यालयात काम करतात, धार्मिक न्यायालयात कारकून होतात किंवा लहान पतसंस्था चालवतात. त्यांतील अनेकांना बोलांग मोंगोंडोमध्ये नोकरी मिळते, आणि तेथे गेल्यावर शहरात अल्पसंख्य असलेला हा तरुण पुन्हा बहुसंख्य होतो. दुमोगाच्या खोऱ्यात १९६३ साली आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर बालीहून आलेल्या हिंदू कुटुंबांनी वसवलेले वेर्धी आगुंग हे गाव आहे आणि आसपास मिनाहासा ख्रिस्ती वस्त्याही आहेत. २००३ च्या राष्ट्रीय शिक्षण कायद्यानुसार प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या धर्माचे शिक्षण त्याच धर्माच्या शिक्षकाकडून मिळण्याचा हक्क आहे, पण लहान शाळेत बहुधा एकच धर्मशिक्षक असतो आणि तो इस्लामचा असतो. त्याच्या तासाला हिंदू मुलांना मागच्या बाकावर बसू द्यायचे, ग्रंथालयात पाठवायचे की त्यांच्यासाठी काही करायचे, हा निर्णय प्रत्यक्षात त्या एकट्या तरुण शिक्षकावर येऊन पडतो. अध्यापनशास्त्र शाखेतील शेवटच्या सत्रात म्हणूनच या कायद्याबरोबर कार्यालयीन पत्रव्यवहारही शिकवावा, असा आग्रह येथील काही अनुभवी अध्यापक धरतात: वर्गवार धर्मनिहाय यादी कशी करायची, जिल्हा कार्यालयाकडे हिंदू आणि ख्रिस्ती शिक्षकाची मागणी कोणत्या नमुन्यात नोंदवायची, आणि शिक्षक मिळेपर्यंत गावच्या मंदिरातील ‘पसरामान’ या हिंदू धर्मशिक्षण वर्गात दिलेले गुण शाळेच्या प्रगतिपुस्तकात घेण्यासाठी मुख्याध्यापकांकडे कसा पाठपुरावा करायचा.